समुद्र ओलांडतो तोच दिरहम

दुबईच्या नोकरीचा प्रस्ताव घरात आला की पहिला गुणाकार होतो तो विनिमयदराचा. महिना ३० हजार दिरहम, एका दिरहमचे २४ रुपये धरले तर महिन्याला सात लाख वीस हजार, वर्षाला ८६ लाखांच्या वर, आणि प्राप्तिकर शून्य. पुण्यात किंवा ठाण्यात वर्षाला ३०-३२ लाखांवर काम करणाऱ्या माणसाने हा आकडा एकदा पाहिला की पुढची चर्चा बरीचशी औपचारिकच उरते. मुलांची शाळा कुठली, आई-बाबांकडे कोण बघणार, फ्लॅट भाड्याने द्यायचा की बंद ठेवायचा, हे प्रश्न निघतात खरे, पण ठरलेल्या गोष्टीची तजवीज म्हणून निघतात. माझं म्हणणं असं की तो गुणाकारच चुकीच्या जागी केला जातो. विनिमयदराचा फायदा पगाराला मिळत नाही. खर्च न होता भारतात आलेल्या पैशालाच तो मिळतो. दुबईत मिळवलेला आणि दुबईतच घरभाड्यात, शाळेत, पेट्रोलात गेलेला दिरहम २४ने गुणण्यात काही अर्थ नाही. आणि कुटुंब सोबत नेलं की तिथे खर्च होणारे दिरहम वाढतात, समुद्र ओलांडणारे घटतात. एकट्याने जाणं आणि बिऱ्हाड घेऊन जाणं हे एकाच स्थलांतराचे दोन प्रकार वाटतात, पण आर्थिकदृष्ट्या ते जवळजवळ उलट व्यवहार आहेत.

इथे पहिला आक्षेप इतिहासाचा येतो, आणि तो हलका नाही. खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या कोकणपट्ट्यातली, तशीच गोव्यातली कितीतरी घरं आखाताच्या पैशावर उभी राहिली. त्यांनी कुठे असले हिशेब मांडले होते? आखाताशी आपलं नातं तेलाच्याही आधीचं. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात चलन म्हणून रुपयाच चालत होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, आणि १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा दुबईसारख्या आखाती संस्थानांनी रुपयाला रामराम ठोकला. दिरहम आला तो १९७३ मध्ये. त्यानंतरच्या दशकांत गेलेल्या फिटर, ड्रायव्हर, कारकून, नर्स यांतले बहुतेक एकटे गेले. चौघांच्या खोलीत राहिले, आणि घर मात्र खेडमध्ये किंवा म्हापशातच ठेवलं. कमाई दिरहमची, संसार रुपयाचा. ते श्रीमंत झाले ते या तफावतीवर. ही निवड नेहमी खुशीची होती असंही नाही: आजही संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब बोलावायचं तर किमान चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि वर राहायची जागा, ही अट आहे, तेवढं न मिळवणाऱ्याला बायको-मुलांना आणताच येत नाही. म्हणजे ज्या पिढीचा दाखला दिला जातो तिने कुटुंबापासून दूर राहण्याची किंमत मोजून ही बचत साधली होती. आज आयटी, बँकिंग किंवा बांधकाम-व्यवस्थापनातला माणूस सगळ्यांना घेऊन जातो, संसारही दिरहममध्येच मांडतो, आणि अपेक्षा मात्र त्या जुन्या तफावतीची ठेवतो.

एक नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे माझे, गृहीत धरलेले. प्रत्येकाने ते आपल्या घराप्रमाणे बदलावेत. पुण्यातलं जोडपं, नवऱ्याचा पगार ३२ लाख, बायकोचा १८ लाख, प्राथमिक शाळेतली दोन मुलं, स्वतःचा फ्लॅट. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीने दोघांचा मिळून प्राप्तिकर सात लाखांच्या आसपास जातो, हातात ४३ लाख येतात. घरखर्च, शाळा, गाडी, सहली धरून २० लाख गेले तर वर्षाला २३ लाख उरतात. आता दुबई. वर्षाचे तीन लाख ६० हजार दिरहम. मध्यम वस्तीतल्या दोन बेडरूमच्या घराला ९५ हजार. वीज-पाणी, एसीचं कूलिंग आणि पालिकेचं गृहशुल्क मिळून १८ हजार. हे गृहशुल्क म्हणजे वार्षिक भाड्याच्या पाच टक्के, वीजबिलातूनच दरमहा वसूल होणारं; कर नाही म्हणणाऱ्यांनी तो कागद एकदा पाहावा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत दोन मुलं, बससह, ४० हजार. गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल, सालिकचा टोल ३० हजार. किराणा-भाजी ३६ हजार, बायको-मुलांचा आरोग्यविमा १० हजार, फोन-इंटरनेट आठ हजार, बाहेरचं खाणं आणि फिरणं १८ हजार, भारतवारी आणि व्हिसाची कागदपत्रं १५ हजार. बेरीज दोन लाख ७० हजार. उरले ९० हजार दिरहम, म्हणजे सुमारे साडेएकवीस लाख रुपये. शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटी आणि इथल्या फ्लॅटचं भाडं धरलं तर तराजू थोडा दुबईकडे झुकेल. (त्या भाड्यातूनही, मालक अनिवासी असल्यामुळे, भाडेकरूने ३० टक्क्यांवर कर कापून भरायचा असतो, हे पुष्कळ भाडेकरूंना ठाऊक नसतं आणि मग पत्रव्यवहार सुरू होतो.) पण ८६ विरुद्ध ३२ असा जो थाट होता, तो साडेएकवीस विरुद्ध तेवीस इथे येऊन थांबला. पहिल्या वर्षी तर त्याहून वाईट, कारण घराची अनामत, दलालाची साधारण पाच टक्के दलाली, वीजजोडणीची दोन हजार दिरहमची अनामत आणि फर्निचर हे सगळं पगार सुरू होण्याच्या आसपासच द्यायचं असतं, आणि भाडं महिन्याला नव्हे तर आगाऊ तारखांच्या चार-सहा चेकनी. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेचा मोह पडला तर एका मुलाची फीसुद्धा या हिशेबातल्या दोघांच्या फीपेक्षा जास्त होऊ शकते आणि उरलेली बचत तिथेच संपते.

यात हातचलाखी कुठे आहे का? आहे, आणि तीच या लेखाचा गाभा आहे. पुण्याच्या बाजूला दोन पगार होते, दुबईच्या बाजूला एकच. बायकोला तिथे महिना १२ हजार दिरहमची साधी नोकरी लागली तरी वर्षाला एक लाख ४४ हजार वाढतात, घरभाडं आणि शाळा आधीच भागलेली असल्यामुळे त्यातले बहुतेक शिल्लक राहतात, आणि बचत एकदम पन्नास लाखांच्या वर जाते. म्हणजे प्रस्ताव ज्याला आला त्याच्या पगारावर हा व्यवहार ठरत नाही. तो ठरतो ज्याला प्रस्ताव आलेला नाही त्याच्या नोकरीवर. आपल्याकडे चर्चा बरोबर याच्या उलट होते: त्याच्या पगारासाठी दोन महिने घासाघीस, आणि तिच्याबद्दल ‘तिकडे गेल्यावर बघू’.

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये कौटुंबिक स्थलांतरावर लिहिलेल्या शोधनिबंधात दाखवून दिलं की कुटुंब जातं ते एकत्रित फायदा दिसतो म्हणून. पण त्या बेरजेच्या आत एक जण असा असू शकतो जो एकटा असता तर गेलाच नसता. त्याचा, आणि बहुतेक वेळा तिचा, वैयक्तिक हिशेब उणे असतो; दुसऱ्याचा अधिक इतका मोठा की बेरीज तरीही अधिकच येते. हे गणित कागदावर बरोबर आहे. अडचण इतकीच की ते असं धरून चालतं की ज्याला लाभ झाला तो ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देतो. संसारात ही भरपाई कोणी लिहून ठेवत नाही. चार वर्षांच्या खंडानंतर तिचा पगार जिथे सुरू होईल तो आकडा, बंद पडलेला प्रॉव्हिडंट फंड, हुकलेल्या दोन बढत्या, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही, कारण तो तक्ता तिने मांडलेला नसतो. परदेशी नेमणुका का फसतात याचा शोध रोझली टंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे घेतला, तेव्हा अमेरिकी कंपन्यांच्या उत्तरांत पहिलं कारण तांत्रिक कौशल्याचं किंवा साहेबाशी न पटण्याचं नव्हतं. कर्मचाऱ्याचा जोडीदार तिथे रुळला नाही, हे होतं. रुळणं हा शब्द ऐकून हवा, जेवण, शेजार आठवतो. पण काल स्वतःची टीम चालवणारी बाई आज बँकेत खातं काढायलाही नवऱ्याच्या कागदांवर अवलंबून राहत असेल, तर तिची अडचण हवामानाची नाही.

मग तिला तिथे नोकरी मिळेल का? अमिरात या बाबतीत बऱ्यापैकी उदार आहे, हे मान्य केलं पाहिजे. नवऱ्याच्या व्हिसावर राहूनही ती काम करू शकते. नोकरी देणाऱ्या कंपनीने तिच्यासाठी कामाचा परवाना काढायचा असतो. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या कित्येक मराठी मुलींची वर्षं ज्या सक्तीच्या रिकामपणात गेली तसं इथे होत नाही. पण परवाना मिळू शकतो याचा अर्थ नोकरी आहे असा नाही. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना तिथल्या आरोग्य खात्याची परीक्षा आणि कागदपत्रांची छाननी पार करावी लागते. शिक्षिकेला पदवी, बीएड आणि त्यांचं ॲटेस्टेशन लागतं: आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग वकिलातीचं, यात आठवडे जातात आणि मूळ प्रमाणपत्रं हातची सुटतात. वकिलाची सनद तिथे जवळजवळ निरुपयोगी. मराठी माध्यमात, सरकारी सेवेत, सहकारी बँकेत किंवा स्वतःच्या क्लासमध्ये जम बसवलेल्या बाईचं कौशल्य तर त्या बाजारात ओळखलंच जात नाही. शिवाय पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या खासगी कंपन्यांना कुशल पदांवर स्थानिक नागरिकांचं प्रमाण दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढवत २०२६ अखेर दहा टक्क्यांवर न्यायचं बंधन घातलं गेलं. मनुष्यबळ विभाग, प्रशासन, बँकेतली कार्यालयीन कामं, म्हणजे जिथे सोबत आलेली पत्नी एरवी सहज सामावली असती, तिथेच हे बंधन आधी जाणवतं. म्हणून तिने शोध निघण्याआधी सुरू करावा, आणि दोन-तीन महिन्यांत एकही गंभीर मुलाखत झाली नाही तर ती माहिती निर्णयात धरावी. तिची नोकरी सुटणं अटळच असेल तर निदान भरपाई ठरवावी: बचतीचा ठरावीक हिस्सा तिच्या एकटीच्या नावावर, गुंतवणूक तिच्या नावाने. हे बोलायला अवघड वाटतं, पण लग्नात रुखवताची यादी करणाऱ्या समाजाला हे अवघड वाटावं, हे जरा विनोदीच आहे.

दुसरा आक्षेप असा की सगळं पैशात मोजता येत नाही. रस्ते स्वच्छ, वीज जात नाही, रात्री अकरा वाजता मुलगी एकटी खाली दुकानात जाऊ शकते, मुलांच्या वर्गात दहा देशांची मुलं. यातलं काहीही खोटं नाही, आणि विशेषतः बाईमाणसाची सुरक्षितता ही खरी, रोजची, मोलाची गोष्ट आहे. फक्त आपण या गोष्टींना लांबून जेवढं वजन देतो तेवढं त्या जवळ गेल्यावर ठेवत नाहीत. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमान यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या समाधानाबद्दल विचारलं. दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातली माणसं जास्त समाधानी असणार. प्रत्यक्षात दोन्हीकडचं समाधान सारखंच निघालं. कॅलिफोर्नियाची हवा हा एकच फरक डोळ्यांसमोर धरला की तोच सगळं आयुष्य व्यापतो असं वाटतं. रोजच्या दिवसात मात्र कामाचा ताण, प्रवास, झोप, घरातलं बोलणं यांचंच राज्य असतं. दुबईचं घरभाडं परवडत नाही म्हणून शारजात घर घेतलेल्या माणसाचा दिवस सकाळ-संध्याकाळच्या वाहतुकीत जातो, आणि तिथल्या चकाचक रस्त्यावर दीड तास अडकणं हिंजवडीच्या रस्त्यावर दीड तास अडकण्यापेक्षा फार वेगळं नाही. एसी चांगला असतो एवढंच. उन्हाळ्याचे चार महिने मुलं इमारतीबाहेर खेळू शकत नाहीत, हेही त्याच तागडीत टाकायला हवं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, आणि रुपया घसरत आला आहे. २०१० मध्ये साडेबारा रुपयांच्या आसपास मिळणारा दिरहम दीड दशकात जवळपास दुप्पट महाग झाला. म्हणजे दिरहममध्ये साठवलेला पैसा काही न करताही रुपयात फुगतो, आणि इथल्या गृहकर्जाचा हप्ता वर्षागणिक हलका होत जातो. हे खरं आहे. ज्यांच्या डोक्यावर रुपयातलं मोठं कर्ज आहे त्यांच्यासाठी आखात हा कर्जफेडीचा उत्तम मार्ग ठरतो, आणि घराला गंभीर आर्थिक निकड असेल तर वरची सगळी चर्चा दुय्यम. पण घसरणीचा हा लाभसुद्धा बचतीलाच मिळतो, खर्चाला नाही. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा. आणि तिथे साठवून मुलाला कॅनडा-ऑस्ट्रेलियात शिकवायचं असेल तर ती फी डॉलरमध्येच द्यायची आहे, तिथे रुपयाच्या घसरणीने आपल्याला काहीच मिळत नाही.

आता पगाराच्या पक्केपणाकडे. अमिरातीत राहण्याचा हक्क सर्वसाधारणपणे नोकरीला जोडलेला असतो, आणि कुटुंबाचा हक्क त्या कर्मचाऱ्याच्या हक्काला. २०२२ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या कामगार कायद्याने परिवीक्षेची मुदत जास्तीत जास्त सहा महिने ठेवली, पण त्या काळात कंपनी १४ दिवसांच्या सूचनेवर माणूस कमी करू शकते. पुण्यातली नोकरी सोडताना ९० दिवसांची नोटीस द्यायची, बायकोनेही राजीनामा द्यायचा, मुलांचे दाखले काढायचे, आणि पलीकडची बाजू १४ दिवसांची. हा असमतोल ज्याच्या लक्षात आला तो निदान पहिले सहा महिने एकट्याने जातो. नोकरी गेल्यावर देश सोडायला पूर्वी जेमतेम महिना मिळे. आता व्हिसाच्या प्रकारानुसार दोन ते सहा महिने मिळतात. २०२३ पासून बेरोजगारी विमाही सक्तीचा आहे: मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने, आणि महिन्याला दहा किंवा वीस हजार दिरहमच्या मर्यादेत. चांगली सोय आहे, पण वर्षभर हप्ते भरलेले असावे लागतात, आणि राजीनामा दिला तर काही मिळत नाही. वर्षाच्या भाड्याचे चेक मात्र घरमालकाकडे असतात. याहून मोठे धक्के तुरळक, पण इतिहासात आहेत. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झालं तेव्हा सुमारे एक लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. त्यांतल्या अनेकांची सारी बचत तिथल्या बँकांत आणि दुकानांत अडकली होती. २०२० च्या मे महिन्यात कोविडकाळातल्या वंदे भारत मोहिमेची पहिली विमानं अबुधाबी आणि दुबईहूनच निघाली. यावरून कोणी जाऊ नये असं ठरत नाही. ठरतं ते इतकंच की सहा महिन्यांचा खर्च तिथल्या नव्हे, इथल्या खात्यात असावा.

‘नाही जमलं तर परत येऊ’ हे वाक्य प्रत्येक घरात म्हटलं जातं, जणू परतीचं दार कायम उघडंच आहे. अमिरात नागरिकत्व देत नाही, काही मोजके अपवाद सोडले तर. तेव्हा परत यायचंच आहे, किंवा तिसऱ्या देशात जायचं आहे. प्रश्न फक्त केव्हा, आणि ते ‘केव्हा’ मुलांच्या इयत्तेवर अवलंबून असतं. तिथल्या सीबीएसई शाळेतून इथल्या सीबीएसई शाळेत येणं सोपं, हे अर्धं खरं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. दुबईत तीच जागा अरबी घेते, जी अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत शिकावी लागते. सहावीत परतलेलं मूल म्हणजे आपल्याच गावात आपलीच भाषा पहिलीपासून शिकणारं मूल. त्यापुढे प्रवेशाचे नियम आहेत, आणि त्यांकडे आश्चर्य वाटावं इतकं दुर्लक्ष होतं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं ही सर्वसाधारण अट आहे. मुलगी दहावीला दुबईत असेल तर ते दार बंद होऊ शकतं, मग नीटमध्ये गुण कितीही असोत. उरतो अखिल भारतीय कोटा किंवा अनिवासींचा महागडा कोटा. अभियांत्रिकीत मात्र उलटी सोय आहे: पालकांच्या अधिवासावर राज्यात प्रवेश मिळू शकतो, आणि आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागाही असतात. म्हणजे मुलाला डॉक्टर व्हायचं की इंजिनिअर, हे कळण्याच्या वयाआधीच कुटुंबाचं परतीचं वर्ष ठरतं. माझ्या मते जाण्याचा सर्वांत सोयीचा काळ मुलं पूर्वप्राथमिकात ते चौथीत असतानाचा, आणि परतीची शेवटची गाडी आठवीच्या अखेरीची. ती चुकली तर बारावीपर्यंत थांबायचं. नववी-दहावीच्या मध्ये उपटून आणण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

आई-वडिलांच्या बाबतीत मात्र दुबईवर अन्याय करू नये. मुंबईहून तीन-सव्वातीन तासांचं विमान. रात्री फोन आला तर सकाळी माणूस घरी पोहोचू शकतो, जे न्यू जर्सीतून शक्य नाही, आणि लातूर-नांदेडहून मुंबईत आलेल्यालाही कधी कधी जमत नाही. खर्चाचा प्रश्न त्यांना तिकडे कायमचं न्यायचं ठरवलं तर येतो, कारण साठीपुढच्यांचा आरोग्यविमा तिथे जड आहे.

कोणी म्हणेल, आता गोल्डन व्हिसा आहे, दहा वर्षांचा, कंपनीवर अवलंबून नसलेला. मग इतकी धाकधूक कशाला? ज्याला तो मिळतो त्याची एक काळजी नक्कीच मिटते, नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही. पण राहण्याची परवानगी म्हणजे उत्पन्न नव्हे. नोकरी नसताना दुबईत राहणं हे नोकरी नसताना पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहण्यापेक्षा कितीतरी पटींनी खर्चिक आहे.

तेव्हा होकार कधी द्यावा? दोघांना कामं मिळत असतील तेव्हा. कंपनी घर किंवा शाळा स्वतंत्रपणे देत असेल तेव्हा, जे पूर्वी सर्रास असे आणि अलीकडे एकत्रित पगाराच्या नावाखाली कमी होत गेलं. किंवा इथे मुळातच एक पगार असेल तेव्हा, कारण मग गमवायला दुसरा पगारच नसतो. निघण्याची तारीखही जपून निवडावी. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात असेल तरच अनिवासी ठरतो. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याआधी निघालं तर हे जमतं. नोव्हेंबरमध्ये निघणाऱ्याचा त्या वर्षीचा दुबईचा पगारही भारतात करपात्र होतो आणि करमुक्त नोकरीची सुरुवातच कराने होते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथेही एप्रिलमध्येच उघडतात, त्यामुळे मार्चअखेर किंवा एप्रिलची सुरुवात दोन्ही दृष्टींनी बरी. आणि करारपत्रावर सही करण्यापूर्वी एकूण पगाराआधी मूळ पगाराचा आकडा पाहावा. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची आणि पुढे ३० दिवसांची. बेरोजगारी विमाही मूळ पगारावरच. तीस हजारांत मूळ पगार १८ हजार असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ६३ हजार दिरहम होते, १२ हजार असेल तर ४२ हजार. एकूण आकडा तोच ठेवून मूळ पगार वाढवून मागितला तर कंपनीला आज काही जास्त द्यावं लागत नाही, म्हणून ही मागणी पुष्कळदा मान्य होते. दुबईत जोडीदार आणि मुलांचा आरोग्यविमा कंपनीने द्यावा अशी सक्ती नाही, तोही मागून घ्यावा. नोकरी संपल्यावर दुसऱ्या कंपनीत रुजू झालं नाही, आणि नोकरी संपायला कर्मचारी स्वतः कारण नसेल, तर मायदेशी पाठवण्याचा खर्च कायद्याने मालकावर आहे. पण तो त्या एका कर्मचाऱ्यापुरता. बायको आणि दोन मुलांची परतीची तिकिटं आणि सामान पाठवण्याचा खर्च हवा असेल तर तो करारपत्रात शब्दाने लिहून घ्यावा लागतो.